पंचांचं एकमत

काशिनाथ गुरुजींनी तिसरी बादली भरायला लावली, तेव्हा उषाताईंनी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली.

"अहो, अंघोळ चाललीय का अभिषेक? सुकलालभाऊ कधीचे येऊन बसलेत."

"आलो, आलो," गुरुजी म्हणाले, पण नळ काही बंद केला नाही. बाहेर जायचं म्हणजे सुकलालच्या तोंडाकडे बघायचं, आणि तेवढंच तर ते तीन आठवडे टाळत होते. सोसायटीच्या गेटवर सुकलाल दिसला की त्यांना एकदम दूध आणायचं राहिल्याची आठवण व्हायची. घरात चहाचं हॉटेल असतं तरी इतकं दूध लागलं नसतं. आज मात्र गुरुपौर्णिमा. शाळेतल्या पोरांनी दिलेली झेंडूची फुलं घेऊन ते डिंडोलीतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावर पोचतात न पोचतात, तोच मागून सुकलालची हाक आली होती. गुरुजी थेट न्हाणीघरात घुसले. आता पाणीही संपत आलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा सुकलाल खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये तो रंगाच्या मशीनवर होता, त्यामुळे त्याची नखं कायम कुठल्या तरी रंगाची असायची. आज ती मोरपंखी होती. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, नवा टॉवेल आणि पांढरी टोपी.

"बठा ना गुरुजी. दोन मिन्टनं काम शे. मंग माले शिफ्टले जानं शे."

गुरुजी बसले. महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं गणित शिकवलं होतं, पण समोरच्याच्या डोळ्यांत न बघता कसं बसावं हे त्यांना नव्याने शिकावं लागत होतं.

भानगड सुरू झाली होती ती गुरुजींच्या छंदातून. चार वर्षं ते फावल्या वेळात मोबाइलवर परदेशी चलनाचे सौदे करत. डॉलर, युरो, येन. एका पद्धतीवर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून त्यांनी तीन पद्धती एकत्र बांधल्या होत्या, आणि हे आपल्याला सुचलं याचा त्यांना बऱ्यापैकी माज होता. फक्त ऐकणारं कोणी नव्हतं. उषाताई तर म्हणायच्या, "यांच्या डॉलरातून आमच्या घरी कोथिंबीर येते. जुडी महाग असली तर तीही नाही."

मग सुकलाल भेटला. शेजारच्या इमारतीत भाड्याने राहणारा, पारोळ्याकडचा, म्हणजे गुरुजींचा गाववालाच. शिकवा म्हणाला. रविवारी शाळेचा वर्ग रिकामाच असायचा. गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्यावर तीन माणसं काढली.

"हे आपले तीन पंच. पहिला पंच चाल बघतो, भाव बरेच दिवस कुठल्या दिशेला चाललाय ते. दुसरा कुंपण बघतो, भाव कुठवर जाऊन माघारी फिरतो ते. तिसरा बातमी ऐकतो, अमेरिकेत व्याजाचे दर कधी सांगणार वगैरे. तिघांचं एकमत झालं तरच सौदा. एकाने जरी मान हलवली, तर उठून घरी."

सुकलाल पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता. सव्वीस वर्षांत एकाही पोराने गुरुजींचं बोलणं असं तोंड उघडं टाकून ऐकलं नव्हतं. गुरुजींना चेव आला. "पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना? आपण तिघांत भागवायचं!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते खळखळून हसले.

सुकलाल हसला नाही. त्याने मान डोलावली.

खरी विद्या त्यानंतरची होती. पंच काहीही बोलोत, शंभर रुपयांतले दोनच रुपये धोक्यात घालायचे. आणि तेवढे गेले की सौदा आपोआप तुटेल, अशी खूण आधीच लावून ठेवायची. कारण पंच तीन असले तरी बघतात एकाच भावाकडे. कधी कधी एकच अफवा तिघांच्या कानात शिरते. हा नियम गुरुजींनी चार वर्षांत एकदाही मोडला नव्हता. तो त्यांच्या अगदी ओठावर आला होता, तेवढ्यात सुकलालने विचारलं, "गुरुजी, महिनानं कितलं सुटस तुमले?"

रंगाची भुकटी ग्रॅमवर मोजणारा माणूस तो. दोन रुपयांचा नियम सांगितला असता तर त्याने तिथल्या तिथे हिशेब केला असता, आणि उत्तर कोथिंबिरीवर आलं असतं. गुरुजींनी हात झटकले. "चालतं आपलं," ते गूढ हसून म्हणाले. "उरलेलं पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी त्यांनी भावाच्या आलेखातल्या, चढउतार दाखवणाऱ्या मेणबत्त्या शिकवल्या. त्या फळ्यावर छान दिसतात. त्याच्या पुढच्या रविवारी सुकलालची शिफ्ट होती.

आणि मग एका मंगळवारी तिन्ही पंचांचं एकमत झालं. स्वतःच्या खोलीसाठी सुकलालने आणि त्याच्या बायकोने, छायाने, साठवलेलं सगळं त्याने लावलं. खूणबीण काही नाही. परमेश्वर हो म्हणाल्यावर शंभरातले दोन कोण लावतो? व्याजाच्या दराची बातमी उलटी आली, आणि मशीनमधलं कापड रंगून बाहेर निघेपर्यंत खातं रिकामं झालं होतं. त्या मंगळवारी गुरुजींनीही तोच सौदा केला होता, त्याच पंचांच्या भरवशावर. त्यांचे शंभरातले दोन गेले, सौदा तुटला, आणि ते निवांत चाचणीचे पेपर तपासत बसले.

"मिलमधला लोके तुमले नावं ठेवतस," सुकलाल सांगत होता. "मी भांडस त्यासनासंगे. म्हनस, पंच बराबर व्हतात, मनंच नशीब खोटं. मना बाप गया तव्हयपासून माले कोनी इतलं जवळ बसाडीसन शिकाडं नही." तो उठला, नारळ गुरुजींच्या हातात दिला, टॉवेल खांद्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी टोपी उलगडली.

एकाने टोपी घालायची आणि ज्याला घातली त्यानेच पुन्हा मानाची आणायची, याहून मोठी लाज कोणती? गुरुजींनी त्याचं मनगट धरलं.

"सुकलाल, थांब. मी तुला अर्धंच शिकवलं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन रुपयांचा नियम. सौदा तोडायची खूण. कोथिंबीर. आपण मोठे दिसावं म्हणून गिळलेलं ते एक वाक्य. बोलताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा राहिला नाही.

सुकलालने ऐकून घेतलं. टोपी त्याच्या हातात तशीच होती.

"म्हंजे, पंच चुकतस, हाई तुमले मालूम व्हतं?"

शाळेची मराठी तिथे उपयोगाची नव्हती. "हाव रे," गुरुजी म्हणाले. "मालूम व्हतं."

"आन तुम्हीन सांगं नही."

"नही सांगं."

स्वयंपाकघरातून चहा उतू गेल्याचा वास आला. उषाताई दारात येऊन थबकल्या आणि तशाच मागे फिरल्या. सुकलालने भिंतीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तो ओरडला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

"छाया खाले उभी शे," तो शेवटी म्हणाला. "वर ये म्हनं तं आली नही. तिले वाटस, तुम्हीनच आमले बुडावं. मी रोज सांगस, गुरुजीसनी काहीच चूक नही. आते काय सांगू तिले?"

"खरं सांग. सगळं सांग. तिचे बोल मी ऐकून घेईन."

सुकलालने टोपी टीपॉयवर ठेवली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

गुरुजी गॅलरीत आले. खाली छाया डोक्यावर पदर घेऊन स्कूटरपाशी उभी होती. सुकलाल तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात काहीतरी बोलू लागला. गुरुजींनी कठडा घट्ट धरला. आता ती वर बघेल, शिव्या घालेल, सगळी सोसायटी ऐकेल. ऐकू दे. ते त्या शिव्यांची अक्षरशः वाट बघत होते.

छायाने वर पाहिलं. क्षणभर तशीच बघत राहिली. मग तिने पदर सारखा केला आणि उगाच संशय घेतल्याची माफी मागावी तसे गुरुजींना दोन्ही हात जोडले.

सुकलालने वर पाहिलंच नाही. तो स्कूटरला किक मारत होता.