बारा वितींचा पडदा

शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती. म्हणायला वर्गखोली, एरवी मोडक्या बाकांचं माहेर. धाकट्या बाईंनी ती मुख्याध्यापिकांकडून मागून घेतली, बाकं व्हरांड्यात रचली, आणि पाचवीची पोरं तिथे हातानं शिकायला लागली. डब्यांच्या झाकणांचे तराजू झाले, पुठ्ठ्यांचे पूल झाले. एक पूल तर पाटी ठेवल्यावर मोडेचना, तेव्हा पोरांनी त्यावर दप्तर ठेवलं, मग दुसरं दप्तर, आणि शेवटी मोडला तेव्हा कुठे सगळ्यांना समाधान झालं.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मन लोण्याचं, पण वरच्या कार्यालयाचा धाक भारी. एक दिवस त्यांनी धाकट्या बाईंना बोलावलं.

"गुरुवारी सकाळी तपासनीस येतायत. खोलीत शिकणं दिसलं तर खोली तुमची. पसारा दिसला तर बाकं परत आत. मला मध्ये घालू नका हो."

"शिकणं थोडं पसरतंच, बाई."

"ते मला कळतं. त्यांना कळलं पाहिजे ना."

खोलीत खोड एकच होती. पूर्वेला उंच खिडकी, आणि सकाळचं ऊन तिथून थेट पोरांच्या डोळ्यांत. धाकट्या बाई म्हणाल्या, चला, पडदाच शिवू. घराघरांतून जुन्या चादरी आल्या. चार गट, चार पट्ट्या, मग चारही एकमेकींना जोडायच्या. मोजायला पट्टी एकच, तीही टोकाला तुटलेली.

"हात आहेत की देवानं दिलेले," बाई म्हणाल्या. "विती घाला."

वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणत, ती स्टुलावर चढली आणि तिनं खिडकी वरून खालपर्यंत मोजली. बारा विती. मग काय, चारही गटांनी आपापली चादर पसरली, बारा विती घातल्या आणि कात्री चालवली. धावदोरा घालताना बोटं टोचली, दोरे गुंतले. एकीनं तर पट्टीबरोबर स्वतःचा फ्रॉकही शिवून घेतला. आपली पट्टी झाली की गुंडाळून ठेवायची, असा बाईंचा शिरस्ता. त्यामुळे चार पट्ट्या शेजारी शेजारी आल्या त्या एकदम बुधवारी दुपारीच.

वरच्या कडा जुळवून पट्ट्या जोडल्या, पडदा टांगला, आणि सगळ्यांच्या नजरा खालच्या कडेवर गेल्या. शिडीच्या गटाची पट्टी खिडकीच्या तळाला टेकली होती. वाटाणा नावाच्या चिमुरडीच्या गटानं सगळं मोजमाप तिच्याच हातानं केलेलं. त्यांची पट्टी खिडकीच्या तळाच्या बरीच वर संपली. मधल्या दोन पट्ट्याही आपापल्या जागी थांबल्या होत्या. खालची कड म्हणजे अगदी पायऱ्या.

"तुम्ही चोरलंत कापड," शिडी म्हणाली.

"बारा म्हणजे बाराच घातल्या," वाटाणा म्हणाली. "सगळ्यांसमोर."

भांडण कडाक्याचं पेटलं आणि तेवढ्यात शाळा सुटली. "उद्या बघू," एवढंच बाई म्हणू शकल्या. पोरं पांगल्यावर त्या पायऱ्यांकडे बघत बसल्या. उद्या सकाळी साहेब, आणि हे ध्यान. त्यांनी पडदा उतरवला, घडी घातली आणि घरी नेला.

त्यांच्या सासूबाई शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन दिवसभर चालायचं. पडदा पसरल्याबरोबर त्या हसल्या.

"अगं, ही चादर आहे की उतरणीचा रस्ता?"

"आई, हसू नका. उद्या ह्याच्यावरच खोली जाणार माझी."

"मग आण इकडे. त्यात काय एवढं?"

"पोरांचं काम आहे हो. मी हात लावला तर..."

"पोरांचंच राहील. मी नुसती कड नीट करते. झाकली मूठ सव्वा लाखाची, काय?"

धाकट्या बाई दारात उभ्या राहिल्या. नाही म्हणावं असं फार वाटत होतं. पण तोंडून निघालं ते, "बरं." सासूबाईंनी सगळ्यांत आखूड पट्टी धरली, तिच्या रेघेत बाकीच्या कापल्या, खाली दुमड घालून टीप मारली. पडदा सुतासारखा सरळ. बाईंना इतकं हायसं वाटलं, की खिडकी केवढी आहे हा विचार काही त्यांच्या डोक्यात शिरला नाही.

सकाळी पोरं यायच्या आत त्यांनी तो टांगला. मग मागे सरून पाहिलं. खिडकीचा खालचा भाग उघडाच. उतरवायलाही वेळ नव्हता, पोरं येऊन बसू लागली. मोठ्या बाई साहेबांना घेऊन दारात हजर.

तपासनीस सुकलेल्या चेहऱ्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. खुर्चीवर बसले आणि ऊन थेट डोळ्यांत. खुर्ची सरकवली, ऊनही सरकलं.

"पडदा इतका आखूड का?"

मागच्या रांगेत वकीलबाई नावानं ओळखली जाणारी मुलगी होती, वाद घातल्याशिवाय जिचं जेवण पचत नसे. ती उभी राहिली.

"साहेब, हा आमचा नाहीये. आमचा वाकडा होता."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले.

धाकट्या बाईंचा चेहरा तापला. पोरगी खोटी ठरेल असं काही बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "खरं आहे तिचं," त्या हळूच म्हणाल्या. "मी काल घरी नेऊन सरळ करून आणला. तुम्ही येणार म्हणून."

"का पण बाई?" वाटाणा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आम्हाला कळलं होतं ना काय चुकलं ते."

"काय चुकलं होतं?" साहेबांनी विचारलं.

वकीलबाईनं शिडीला आणि वाटाण्याला ओढून पुढे आणलं आणि दोघींचे पंजे एकमेकींवर ठेवले. "बारा सगळ्यांच्या बरोबर. पण वीत कुणाची, ते ठरवलंच नाही. घरी जाताना कळलं. आधी हिनं हिला चोर म्हटलं, मग रस्त्यात हात मोजले."

"बाईंनी सांगितलं?"

"बाई कुठे होत्या? बाई पडदा सरळ करत होत्या."

साहेब खोकले. तो खोकला नव्हता, हे मोठ्या बाईंनाही समजलं.

"मग आता वीत कुणाची धरणार? माझी घ्या," त्यांनी हात पुढे केला.

"तुम्ही जाणार ना पण," वकीलबाई म्हणाली. "पुन्हा मोजायचं झालं तर?"

"वाटाण्याची घेऊ," शिडी म्हणाली. "ती कधी दांडी मारत नाही."

"पण तिचा हात वाढेल ना."

"तिचा वाढतोय कसला," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वाटाण्यासकट सगळे हसले. मग बोलाचाली वाढली, साहेबांना सगळे विसरले. शेवटी ठरलं की वाटाण्याच्या वितीएवढी काठी कापायची, आणि ती खिळ्याला टांगून ठेवायची. ऊन डोळ्यांवर घेत साहेब ते सगळं होईपर्यंत बसून राहिले.

उठताना ते मोठ्या बाईंना म्हणाले, "व्हरांड्यातल्या बाकांवर काहीतरी झाकण घाला, भिजतील. इथे आत आणायला जागा नाही." मग धाकट्या बाईंकडे वळून, "पुढच्या वेळी वाकडंच दाखवा."

संध्याकाळी सासूबाईंनी मशीन थांबवलं. "मग? आवडला का सरळपणा साहेबांना?"

धाकट्या बाईंनी सगळं सांगितलं, वाटाण्याच्या डोळ्यांतल्या पाण्यासकट. सासूबाई ऐकत राहिल्या. मग जागच्या उठल्या, पेटीतून स्वतःची जाड, कोरी चादर काढली. सवयीनं टेबलावर पसरली, सवयीनंच कात्री उचलली, आणि थांबल्या.

"अख्खीच ने," त्या म्हणाल्या. "आणि त्या वाटाण्याला विचार, बटणाचं काज करायला शिकवायला कधी येऊ. ती म्हणेल तेव्हाच येईन."