फ्रीजच्या दारातलं अर्धं लिंबू

आमचे हे विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि हात धुऊन लिंबाच्या मागे लागले. पचनाला लिंबू, केसातल्या कोंड्याला लिंबू, नळावरच्या पांढऱ्या डागांना लिंबू. तेवढ्यावर भागलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. पण वापरलेलं अर्धं लिंबू हे टाकत नाहीत, परत फ्रीजच्या दारात ठेवतात. बोलायला गेलं की म्हणतात, "तुला शास्त्रातलं काय कळतं?"

रविवारी नणंद आणि तिचे यजमान आले. मी सरबत केलं. यजमानांनी दोन ग्लास रिचवले आणि म्हणाले, "वहिनी, चव काही औरच!" झालं, ह्यांचा क जीवनसत्त्वावर तास सुरू झाला. तो संपवून हे स्वतःचा ग्लास न्यायला स्वयंपाकघरात आले.

"लिंबू कुठलं गं?"

"फ्रीजच्या दारातलं."

ह्यांचा चेहरा खाडकन उतरला. "अगं, त्याने मी काल टाचा घासल्या होत्या!"

"हळू बोला," म्हणत मी भरलेला ग्लास ह्यांच्या हातात दिला. तेवढ्यात नणंद दारात येऊन उभी राहिली. "दादा, घे ना! तुझंच तर आवडतं." ह्यांनी डोळे मिटून ग्लास एका दमात संपवला.

त्या दिवसापासून फ्रीजच्या दारात उष्टं लिंबू दिसलेलं नाही.

सरबत चार ताज्या लिंबांचं होतं. दारातलं मी सकाळीच कचऱ्यात टाकलं होतं. पण हे ह्यांना मी कशाला सांगू? मला शास्त्रातलं काय कळतं!