राईतले दोन धोंडे

झेबुलन हॅस्केट दारात आला तेव्हा आसाहेल प्रुइट मक्याची कणसं सोलत बसला होता.

"तीन दिवस आधी सांगायचा कायदा आहे, म्हणून आलो," झेबुलन घोड्यावरूनच म्हणाला. यंदा गावानं त्याला रस्त्याचा मुकादम नेमलं होतं. नको म्हणायची सोय नव्हती. "सोमवारी कुऱ्हाड आणि कुदळ घेऊन ये. एकवीस ते पंचेचाळीसमधल्या प्रत्येक धडधाकट माणसानं दोन दिवस राबायचं. धडधाकट आहेस ना?"

"देवाच्या कृपेनं. रस्ता कुठला?"

"नवा. गिरणीपासून नदीच्या उतारापर्यंत. तुझ्या मेपलच्या राईतून जातोय की."

आसाहेलच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. "राईतून नाही. खालून, ओढ्याकडून."

"ओढ्याकडे दलदल. पंचांनी झाडांवर खुणा केल्यात, पाहिल्या नाहीस?"

पाहिल्या होत्या. एप्रिलमध्ये ते तिघे पंच जागा बघायला आले तेव्हा आसाहेलनंच त्यांना ताक पाजलं होतं. खुणा राईतही होत्या आणि ओढ्याकडेही. पंच दोन वाटा बघतात आणि एक कोर्टाला कळवतात, हे त्याला ठाऊक होतं. कोणती कळवतील याची शंकासुद्धा त्याच्या मनाला शिवली नव्हती. राईत दोन धोंडे होते. एकाखाली चार वर्षांची लोइस, दुसऱ्याखाली दीड वर्षाचा एनॉस. पाच वर्षांपूर्वी, एकाच आठवड्यात, तापानं गेलेले.

"झेबुलन, तिथं माझी मुलं आहेत."

झेबुलननं घोड्याच्या आयाळीतला काटा काढला. "ठाऊक आहे. आम्हाला वाटलं, तुझी हरकत नाही. गुत्त्याच्या दारावर महिनाभर नोटीस होती. ज्याची हरकत असेल त्यानं जूनच्या कोर्टात सांगावं म्हणून."

"मी गुत्त्यात जात नाही."

"आत कोण जा म्हणतंय? बाहेरच्या बाजूला होती."

आसाहेलनं पुन्हा कणीस सोलायला घेतलं. लोइसनं प्राण सोडला तेव्हा तो त्याच गुत्त्यात होता. एनॉसला पुरलं त्याच दिवशी त्यानं दारू न पिण्याची शपथ घेतली आणि पुढं दारू वर्ज्य मानणाऱ्या मेथडिस्ट मंडळीत गेला. तेव्हापासून गुत्ता दिसू नये म्हणून तो शेताशेतातून वळसा घालून जायचा.

दुसऱ्या दिवशी अठरा मैल चालून तो जिल्ह्याच्या कोर्टात गेला. कारकून म्हातारा होता, बोलायला सभ्य. त्यानं कायद्याचं पुस्तक काढून बोट ठेवून वाचलं: मालकाच्या संमतीशिवाय कुंपण घातलेल्या दफनभूमीतून रस्ता नेता येणार नाही.

"कुंपण होतं?" कारकुनानं विचारलं.

"कुंपणासाठी लाकडं फोडली होती. डुकरं मक्यात शिरायला लागली, म्हणून ती आधी मक्याला लावली."

"सगळी?"

"सगळी. पुढच्या वर्षीही तसंच झालं."

कारकुनानं पुस्तक मिटलं नाही. "जूनमध्ये आला असतात तर कोर्टानं कदाचित ऐकलं असतं. आता हुकूम झालाय. आज कुंपण घालाल तर रस्ता अडवल्याचा गुन्हा तुमच्यावरच लागेल, मिस्टर प्रुइट."

घरी त्याची बायको केझाया चुलीपाशी होती. त्याच्या तोंडाकडे पाहून तिनं ताट वाढायला घेतलं.

"हलवायचं का त्यांना?" तो म्हणाला.

"चादरीत पुरलीत," ती म्हणाली. "पेटीसुद्धा नव्हती. मला ते बघायचं नाही. तुम्हीही बघायचं नाही."

सोमवारी अकरा जण जमले. सायलस क्रल कुऱ्हाडीला धार लावत म्हणाला, "आसाहेलभाऊ आला रे. आता दोन दिवस कुणी शिवी द्यायची नाही, नाहीतर आपल्यासाठी प्रार्थना करेल." कुणी हसलं नाही. मग सायलसही खाली मान घालून धार लावत राहिला.

झेबुलननं कामं वाटली. "तू गिरणीकडच्या टोकाला जा, आसाहेल. राईतलं हे लोक करतील."

"राईत मी."

"अरे, कशाला उगाच..."

"राईत मी. आणि तिथं खणायचं नाही. झाडं तोडा, बुंधे कायद्यात लिहिलेत तसे फूटभर ठेवा, पण कुदळ लावायची नाही. वरून भर घालू."

"उंचवटा होईल तिथं. गाड्यांना हिसका बसेल."

"बसू दे."

झेबुलननं मागं वळून बाकीच्यांकडे पाहिलं. रस्ता सपाट झाला नाही तर दंड त्यालाच होता. "घाल भर," तो म्हणाला.

आसाहेलनं धोंडे उचलून कडेच्या झाडाशी ठेवले. नंतर ओढ्याकडून माती आणून ओतली. लोकांनीही आणली. पण माती दाबायचं धुम्मस त्यानं कुणाच्या हाती दिलं नाही. ठोकायचं काम त्यानंच केलं, तेही हलक्या हातानं, त्यामुळं भर काही बसेना. दुपारी केझाया सगळ्यांसाठी घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी घेऊन आली. तेवढ्या पट्ट्याला वळसा घालून, झाडीतून आली आणि तशीच परत गेली.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत दोन दिवस भरले. झेबुलननं अकरा नावांपुढं खुणा केल्या आणि माणसं घरी गेली.

बुधवारी सकाळी झेबुलन रस्ता तपासायला आला तेव्हा राईत ठोकण्याचा आवाज येत होता.

"तुझे दोन दिवस कालच भरले रे," तो म्हणाला. "आजचा दिवस कायद्यात धरता येणार नाही."

"धरू नकोस," आसाहेल म्हणाला. "भर अजून बसली नाही."

त्यानं धुम्मस वीतभरच उचललं आणि सावकाश खाली टेकवलं.