मिठाच्या बरणीतला फोन

झरीच्या किशनरावाचा फोन म्हशीनं गिळला होता, हे मी पाथरीत इतक्या वेळा सांगितलंय की आता किशनरावालाही ते खरं वाटतं. म्हशीच्या पोटात घंटी वाजायची आणि हा तिच्या कानाला तोंड लावून म्हणायचा, "मी गोठ्यात हाय, बोला!" हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढचं सांगताना माझीच मान वर राहत नाही.

सिद्धोधनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बसस्टँडसमोर आहे. मेलेला फोन उघडायचा, आतल्या बोर्डावरचे तिळाएवढे तुकडे काढून नवे बसवायचे आणि अडकलेले फोटो, आवाज बाहेर काढायचे, हे त्याचं काम. जीप चालवणं सोडल्यापासून मी त्याच्या पायरीवर बसतो. गिऱ्हाइकाला थांबावं लागलं की गोष्ट सांगतो. लोकांना वाटतं, म्हातारा रोज इथं बसतो म्हणजे याला यातलं कळत असणार.

त्या सोमवारी सिद्धोधन सामान आणायला परभणीला गेला होता. कुलूप लावलेलं, पायरीवर मी एकटा. अंगणवाडीतली बबिता धावत आली. हातातल्या फोनमधून पाणी गळत होतं.

"तात्याराव, कपड्याच्या बादलीत पडला ओ! काय करू आता?"

'उद्या ये' एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण ही जीभ!

"मिठात पुरून ठेव," मी म्हणालो. "तीन दिवस. चारठाण्याच्या एका पुजाऱ्याचा फोन बारवेत पडला होता, आठ दिवस! मिठातून काढला तर आरती म्हणतच बाहेर आला."

ती हसली नाही. "बारीक मीठ चालंल का?"

"बिलकुल न्हाई. खडेमीठच पायजे," मी तोंड गंभीर करून सांगितलं. वाटलं, कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिला थाप कळेल. फोनात काय आहे, ते मी विचारलंसुद्धा नाही.

गुरुवारी ती परत आली. फोन रुमालात गुंडाळलेला. सिद्धोधननं तो उघडून भिंगाखाली धरला.

"बबिताताई, नुसत्या पाण्यानं असं होत न्हाई. बोर्डावर हिरवी-पांढरी बुरशी चढावी तसं झालंय. मिठात ठेवला व्हता का?"

"व्हय. तीन दिवस."

"कोण गाढवानं सांगितलं? वल्या फोनात मीठ विरघळलं, त्यानं सगळं खाऊन टाकलं. त्याच दिवशी बॅटरी काढून ठेवली असती ना, तर अर्ध्या तासाचं काम व्हतं."

बबितानं माझ्याकडं पाहिलं. मी लगेच चष्मा काढून धोतरानं पुसायला लागलो.

"कुणीतरी म्हणालं," ती हळूच बोलली. "आता आठवत न्हाई."

मग तिनं फोनात काय आहे ते सांगितलं. तिची आई, तानुबाई, गाणारी बाई. घशात गाठ निघाली, ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं स्वतः रचलेला पाळणा या फोनात म्हणून ठेवला होता. सात कडवी. कागदावर कुठंच नाही. आता भावाला मुलगी झाली होती. शनिवारी बारसं, बबिता आत्या, नाव तीच ठेवणार, आणि पाळणा आजीच्या आवाजात लागणार, असं घरात ठरलं होतं.

"बाळाला आजीचा आवाज ह्याच्यातच हाय, दादा," ती म्हणाली. "बाकी कुठंच न्हाई."

मी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. 

शुक्रवारी सिद्धोधननं बोर्ड धुतला, घासला. मग त्यावर राळेचा धूर धरला. बोर्डावर पांढरा थर बसला. त्यात वीज सोडल्यावर एका जागी थर वितळला आणि काळा ठिपका उघडा पडला. "हितं करंट मरायलाय," तो म्हणाला. तो तुकडा त्यानं चिमट्यानं उचलला. दिवा मी धरला होता. उजेड सारखा बोर्डावरून घसरत होता, तो दोनदा ओरडला, "तात्या, नीट धरा की!"

त्या वेळी सांगता आलं असतं. दुकानात आम्ही दोघंच होतो. मी दिवा धरून उभा राहिलो.

फोन सुरू झाला. सिद्धोधन आवाज दुसरीकडं उतरवून घ्यायला लागला. चार मिनिटं चालला आणि तापून बंद पडला. पुन्हा उठलाच नाही.

पाळणा अर्धा आला.

बारशाला बुद्धवंदना झाली, बाळाला पाळण्यात घातलं आणि तानुबाईचा आवाज लागला. काय आवाज! आडवळणाच्या वाटेनं गाडी जावी तसा, सावकाश आणि भरलेला. चौथ्या कडव्यात, एका शब्दाच्या मध्येच, तो तुटला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पाळण्याच्या दोरीशी तानुबाई उभी होती. तिचे ओठ हलतच होते. पाचवं, सहावं, सातवं. आवाज नाही. सातवं संपेपर्यंत मांडवात कुणी हाललं नाही.

मग तानुबाईच्या मुलानं सिद्धोधनला टॉवेल-टोपी दिली. आणि मलाही! "तात्यारावांनी दिवसभर दिवा धरला," सिद्धोधननं कौतुकानं सांगितलं. टोपी डोक्यावर आली आणि माझ्यानं राहवलं नाही.

"ही टोपी काढा," मी म्हणालो. "फोन मिठात ठेव म्हणून मीच सांगितलं व्हतं. थाप मारली व्हती. उरलेला पाळणा माझ्यामुळं गेला."

 मग सगळा मांडव हसला.

"ऐका, म्हशीनं फोन गिळला, आता पाळणा ह्येंनी गिळला!" कुणीतरी ओरडलं. "म्हशीचं काय झालं, तात्या?"

सिद्धोधनही हसत होता. "मला हसवायला काहीबी सांगत्यात!"

"कसम हाय, खरं सांगायलोय," मी म्हणालो. ते आणखी हसले. आजवर प्रत्येक थापेला मी कसमच घातली होती.

बबिता हसली नाही. तिनं मान फिरवली. तानुबाई माझ्याकडं बघत होती.

पंगत बसली. तानुबाई मीठ वाढायला आली. प्रत्येकाच्या पत्रावळीच्या कडेला चिमूट ठेवत माझ्यापुढं थांबली. वाटीत हात घातला, मूठ भरली आणि माझ्या भाताशेजारी रिकामी केली. खडेमीठ होतं.

"मावशी, चुकून जास्त पडलं," शेजारचा म्हणाला.

तिनं मान हलवली. न्हाई.

मी ते सगळं वरणात कालवलं आणि खायला लागलो. पंगत उठेपर्यंत ती माझ्यासमोरून हालली नाही.