रिकामं फिरणारं कुट्टी मशीन

"सोंगाडी हाय पोरगी!" छबूबाई सुनेला ऐकू जाईल अशा बोलल्या. दहावीतली नात सुकन्या पुढ्यातलं ताट चिवडत बसायची, हाक मारली की दचकायची, आणि चैत्राच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायची. "मोबाईलमदी कुनीतरी घावलाय तिला. पंकजा, डोळे फुटले का तुझे?"

"न्हाई वो, आत्याबाई." पंकजा मान खाली घालून भाकरी थापत राहिली. मुलीला बाहेरचं लागलंय, अवसेला देवऋष्याकडे न्यायची, हे पंकजाच्या नवऱ्याने, अंगदने, ठरवूनच टाकलं होतं.

छबूबाई दुसरीतच शाळेतून उठल्या, पण नजर घारीची. जामखेडजवळच्या त्या वस्तीवर त्यांच्या नकळत म्हैससुद्धा रवंथ करत नसे. हल्ली त्यांना एक गोष्ट खुपत होती. कडबा बारीक कापायचं कुट्टी मशीन भर दुपारी घरघरायचं, आणि गव्हाणीत मूठभर कुट्टी नसायची. सून चोरून कडबा विकतेय की काय?

त्या दुपारी मशीन सुरू झालं, तशा त्या काठी टेकत गोठ्यात गेल्या. मशीन रिकामंच फिरत होतं. बटणापाशी पंकजा उभी, तोंडात पदर कोंबलेला.

"कडबा कुठाय गं?"

पंकजाने मागच्या बंद खोलीकडे बोट केलं. "वस्तीला ऐकू जाऊ नये म्हनून लावते. हे मला मारायचे तवा तुमीच टीव्ही मोठा करायच्या की, आत्याबाई."

छबूबाईंनी बटण बंद केलं. आतून दाव्याचे फटके ऐकू आले. रडणं मात्र नव्हतं.

त्यांनी दारावर काठी हाणली. "अंगद, उघड! न्हाईतर दार फोडीन!"

कडी निघाली. अंगदच्या हातात म्हशीचं दावं होतं. "आई, तू मधी पडू नगंस. तिच्या अंगातलं काढतोय."

त्याला ढकलून त्या आत गेल्या. कोपऱ्यातल्या सुकन्याच्या बाह्या वर सरकल्या होत्या. दंडावर जुने वळ, नवे वळ.

"आज्जी, मला झोपच लागत न्हाई," ती पुटपुटली. "जगावंसंच वाटत न्हाई."

कुंपणाशी माणसं जमली होती. "बघताय काय? टेम्पो काढा कुनीतरी!" छबूबाई कडाडल्या. मग नातीजवळ फतकल मारून बसल्या आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या,

"सुकन्या, सोंग तुझं न्हवतं गं. सोंग या घराचं हुतं, अन् पहिली सोंगाडी मी. आता देवऋषी न्हाई. आदी दवाखाना, मनाच्या डाक्टरकडं. मग पोलीस ठाणं. तिथं तुज्या बापाचं नाव मी सांगनार, त्याला जन्म देनारी."