अंगणातला लाकडी कोंबडा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे आणि मला नसत्या चौकशा करायची भारी खोड आहे. करणार काय? चार पाय आहेत, पण चालता येत नाही. पोटात जाळ आणि पुढे काचेचं दार. त्या काचेतून जेवढं जग दिसतं, तेवढ्यावर मी भागवते. माझ्यासमोर जेवणाचं टेबल, त्यापलीकडे खिडकी आणि खिडकीबाहेर नॉर्वेच्या दरीतलं आमचं अंगण. एवढं जग मला पुष्कळ झालं.

माझा जन्म ओतशाळेत झाला. रसरसतं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, मी गार झाले, आणि ट्रकमध्ये बसून आस्लाक आणि गुनवोर या नवराबायकोच्या घरी आले. आल्या दिवशीच माझ्यावरून वाद! आस्लाकला आरामखुर्चीसाठी जागा हवी होती, म्हणून तो मला भिंतीला चिकटवायला निघाला.

"अरे, भिंत लाकडाची आहे!" गुनवोर ओरडली. "त्यापेक्षा घरच पेटव ना. शेगडीचे पैसे तरी वाचतील!"

तेवढ्यात मारित आली. गावातली धुराडी साफ करणं आणि तपासणं हे तिचं काम. आवाज असा, की अंगणातल्या चिमण्या उडाव्यात. तिनं मोजपट्टी काढली आणि म्हणाली, "पुढे ओढ. अजून पुढे. खुर्ची जाऊ दे पडवीत." माझ्याखाली जाड पोलादी पत्रा घातला, भिंतीपासून अंतर सोडलं, धुराड्याचा सांधा न् सांधा चाचपला. मग आस्लाकसमोर बोट नाचवत तिनं सांगितलं, "मोजे हिच्या अंगावर वाळत घालायचे नाहीत. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरायची आणि डबा घराबाहेर ठेवायचा. आणि लाकूड खडखडीत वाळलेलं हवं. ओलं जाळलंस तर धुराड्यात डांबर धरेल, आणि एक दिवस ते डांबर पेटेल. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, तापलेलं धुराडं तडकेल; दार आणि हवेची झडप बंद करून बाहेर पळायचं."

"कळलं गं बाई, कळलं," आस्लाक म्हणाला. लगेच 'कळलं' म्हणणाऱ्या माणसाला काय कळलेलं असतं, हे मी पुढे पाहिलं.

सुरुवातीला मला लहान लहान जाळ दिले. माझ्या अंगावरच्या रंगाचा असा काही वास सुटला, की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. मी लाजून चूर झाले. मला पेटवण्याची गुनवोरची एक रीत होती. जाड लाकडं खाली, बारीक ढलप्या वर, आणि काडी सगळ्यांत वर लावायची.

"आग खालून लावतात," आस्लाक म्हणायचा. "माझा बाप खालून लावायचा, त्याचा बाप खालून लावायचा."

"आणि दोघंही जन्मभर खोकत होते! वरून पेटवलं की धूर ज्वाळेतच जळून जातो. बघ की डोळे उघडून."

तो बघायचा आणि आपली पाळी आली की हट्टानं खालूनच लावायचा. मी दोघांचं ऐकायची, पण खरं सांगते, गुनवोरच्या हातचा जाळ मला गोड लागायचा.

आता अंगणातल्या कोंबड्याकडे येते. आमच्याकडे माणसाची पारख त्याच्या लाकडाच्या राशीवरून होते. रास वाकडी, तर माणूसही वाकडा. एका वसंतात गुनवोरनं मनावर घेतलं. भूर्जाचं लाकूड कापलं की पांढुरकं दिसतं आणि आल्डर नावाच्या झाडाचं कापलं की केशरी-तांबडं होतं. पांढऱ्या राशीत तांबडी लाकडं बसवत बसवत तिनं मोठा कोंबडा उभा केला. तुरा, चोच, शेपटी, सगळं हुबेहूब.

"फटी ठेव रे," ती नवऱ्याला सांगत होती. "उंदीर पळून गेला पाहिजे आणि मागची मांजर अडकली पाहिजे. वारा खेळला नाही तर लाकूड वाळणार कसं?"

"फार देखणा झालाय गं," आस्लाक म्हणाला. "हा जाळवेल का आपल्याला?"

"न जाळून काय करशील? अंडी घालणार आहे का तो? दोन उन्हाळे वाळू दे. मग घरात जो कुणी कुडकुडत असेल, त्याच्यासाठी."

खिडकी उघडी होती. मी शब्द न् शब्द ऐकला.

त्याच वर्षी पानगळीत गुनवोर गेली. कॉफीचा कप हातात होता, आणि हृदय थांबलं. मित्रांनो, मी लोखंडाची असले तरी मला फार वाईट वाटलं. रोज माझ्यापुढे शेकायला येणारे ते हात पुन्हा आले नाहीत.

पुढे एक उन्हाळा गेला, दुसराही गेला. कोंबडा खडखडीत वाळला. मला केवढं कुतूहल, त्या तांबड्या लाकडाची चव कशी असेल! पण आस्लाक राशीला हात लावेना. चर्चमधून परतणारे लोक थांबून बघायचे, शेजारी चिडवायचा, "काय रे आस्लाक, तुझा कोंबडा आरवतो कधी?" आस्लाक नुसता हसायचा. जुनी लाकडं संपली, तेव्हा त्यानं नुकता तोडलेला भूर्ज माझ्या पोटात घातला.

तुमच्यात म्हणतात, सुक्याबरोबर ओलंही जळतं. कसलं जळतंय! माझ्या पोटात येऊन बघा. ते नुसतं फुसफुसतं, टोकांतून पाण्याचा फेस काढतं आणि धूर ओकतं. वर धुराड्यात काळा चिकट थर धरू लागला. माझी काचही काळीकुट्ट झाली. मला खिडकी दिसेना, अंगण दिसेना. चौकस माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, तशी माझी गत झाली.

त्या हिवाळ्यात मुलगी ईदुन आपल्या तान्ह्या टूवाला घेऊन राहायला आली. वसंतापर्यंत राहणार होती. आस्लाकच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला. पण खोलीत धूर, बाळाला खोकला, आणि ऊब म्हणावी तर नावाला.

"बाबा, खिडकी उघडली तर ही गारठते, मिटली तर खोकते. मी करू तरी काय?"

"लाकूड जरा ओलसर आहे, एवढंच."

"आणि अंगणात वाळलेली रास उभी आहे, ती कशासाठी?"

"त्या राशीचं नाव काढायचं नाही."

"बरं. मग रविवारी मी हिला घेऊन परत जाते. तू बस कोंबड्याला बघत."

माझ्या मनात आलं, या दोघी गेल्या तर हा म्हातारा एकटा कुणाशी बोलणार? माझ्याशी? मला तर बोलताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इरेला पेटला. खोली गरम करूनच दाखवतो म्हणाला. रिकामी खोकी फाडून माझ्या पोटात कोंबली, हवेची झडप सताड उघडली आणि खालून काडी लावली. ज्वाळा सरळ धुराड्यात शिरली आणि तिथलं डांबर पेटलं. बाप रे, काय तो आवाज! डोक्यावरून विमान जावं तसा. माझी नळी लाल झाली.

"ईदुन, बाळाला घेऊन बाहेर पळ!" आस्लाक ओरडला. मारितचे शब्द त्याला तेव्हा आठवले असावेत. त्यानं पाणी ओतलं नाही. माझं दार घट्ट लावलं, हवेची झडप बंद केली, अग्निशमन दलाला फोन केला आणि तोही बाहेर धावला.

दलाची माणसं लवकर आली म्हणून घर वाचलं. मग मारित आली. तिनं धुराडं खरवडलं, आतून तडा गेलाय का ते पाहिलं आणि काळ्या खपल्यांनी भरलेली बादली आस्लाकपुढे आदळली. "हे बघ तुझं 'कळलं'!" एवढंच म्हणाली. माझी काच पुसून, पुन्हा पेटवायला हरकत नाही असं सांगून ती निघून गेली.

आस्लाकनं बादलीतली एक खपली उचलून बोटांत चुरली. मग म्हणाला, "ईदुन, बाहेर तुम्ही दोघी कुठे उभ्या होतात?"

"राशीच्या आडोशाला. वारा फार बोचत होता, बाबा."

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "तुझी आई म्हणाली होती, जो कुणी कुडकुडत असेल त्याच्यासाठी आहे ही रास. आणि मी तिच्या नातीला त्याच राशीशेजारी बर्फात कुडकुडत उभं केलं."

तो रडला. ईदुनही रडली. मग तो बाहेर गेला आणि तुऱ्याची लाकडं काढून घेऊन आला. थोडा वेळ ती मांडीवर घेऊन बसला. एकावर एक आपटलं की टणटण वाजावीत अशी वाळलेली लाकडं होती ती. त्यानं जाड लाकडं खाली रचली, ढलप्या वर ठेवल्या आणि पहिल्यांदाच, मित्रांनो, काडी वरून लावली.

ती चव मी काय सांगू! धूर नाही, फुसफुस नाही. पिवळाधमक जाळ हळूहळू खाली उतरत गेला. टूवाचे लोकरी हातमोजे काढून ठेवले, तरी तिची बोटं गरमच राहिली. माझी काच स्वच्छ राहिली आणि मला पुन्हा खिडकीबाहेरचं दिसू लागलं. कोंबड्याला तुरा नव्हता. पुढे चोच गेली, मान गेली, आणि ईस्टरला अंगणात नुसते पाय उरले. रविवार कितीतरी आले, पण ईदुन गेली नाही. बर्फ वितळल्यावर बापलेक अंगणात नवी लाकडं रचत होते आणि आस्लाक सांगत होता, "फटी ठेव गं, उंदीर पळाला पाहिजे."

म्हणून सांगते मित्रांनो, माझ्यासारखी शेगडी घरी असेल तर तिला भिंतीपासून दूर बसवा, तिचं धुराडं दर वर्षी साफ करून घ्या आणि तिला ओलं लाकूड खाऊ घालू नका. आणि कुणी मायेनं तुमच्यासाठी ऊब रचून ठेवली असेल, तर ती अंगणात शोभेला ठेवू नका. घरात कुणीतरी कुडकुडतंय, ती ऊब आत आणा.