पहिल्याच झाकणाला ओरडा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भांडण पेटलं, तेव्हा मी दोघींच्या मधोमध उभा होतो. मी पिंप बोलतोय. प्लास्टिकचं, जाड बुडाचं, वालीवमागच्या एका चाळीत पाणी साठवणारं पिंप. गोड बोलणं माझ्याकडे नाही. ऐकायचं तर ऐका.

जन्म माझा कारखान्यात. पोटात आधी कसलं तरी उग्र रसायन होतं. मग भंगारवाल्याने मला विकलं आणि रचना नावाच्या बाईने मला घासघासून घरी आणलं. नवरा धनेश, मुलगी क्षितिजा. मुलगी तीन वर्षांची. रचनाने माझ्या झाकणावर लाल नेलपॉलिशने फूल काढलं, आपलं झाकण ओळखता यावं म्हणून. तेवढंच माझं कौतुक.

आमच्या चाळीत दोन ओळी, समोरासमोर. मधे गल्ली. पाणी दिवसाआड येतं, तेही मोटर लावली तरच चढतं. मोटर सगळ्यांची, पण तिचं बटण रचनाच्या घरात. कारण एकच. तिचं घर कोपऱ्यावर, ना या ओळीत ना त्या. दोन्हीकडच्या बायका म्हणायच्या, "रचना कुणाची नाही, तिच्याकडेच राहू दे."

आणि रिवाज असा, की रात्री ज्याचं पिंप नळापाशी लागेल त्याचा नंबर पक्का. पिंपाला हात लावायचा नाही. त्या सकाळी विनिताचं पिंप कुणीतरी मागे सरकवलं होतं.

"काकू, माझं पिंप कोणी हलवलं?" विनिता ओरडली. ही एका ओळीतली.

"वाऱ्याने गेलं असेल," समोरच्या ओळीतल्या वसुंधरा काकू दात घासता घासता म्हणाल्या.

"वर भरलेली बादली ठेवली होती, तिच्यासकट गेलं? वारा पण तुमच्याच घरचा वाटतं!"

झालं. त्या दिवसापासून झाकणं जायला लागली. हो, झाकणं. माणसं एकमेकांच्या अंगाला हात लावत नव्हती, पोलीस आले असते. झाकण नेलं की साठवलेल्या पाण्यात डास, घरात ताप, आणि पुरावा काही नाही. या ओळीतलं एक गेलं की त्या ओळीतली दोन. आम्ही पिंपं तोंडं उघडी टाकून उभी. लाज माणसांना नव्हती, आम्हाला होती.

आणि माझी मालकीण? ती दोन्हीकडे गोड. काकूंच्या घरून घावणे येत, विनिताकडून सुकटीची चटणी. दोघी का देत होत्या ते मला कळत होतं. आपली पाळी असताना बटण जरा जास्त वेळ चालू राहावं म्हणून. राहायचंही. काकू आल्या की रचना म्हणायची, "तुमचं बरोबर आहे, काकू." विनिता आली की, "तुझंच बरोबर आहे गं." काकूंना जास्तीचा पाइप दिला, विनिताला मोठी बादली दिली. तळ्यात आणि मळ्यात, दोन्हीकडे पाय.

कुणीतरी झाकण पळवताना रचनाने दोनदा पाहिलं. मी साक्षीला आहे.

धनेश म्हणाला, "अगं, एकदा दोघींना बोल ना. तुझं ऐकतील."

"नको हो. आपल्या घरात लहान मूल आहे. कुणाचा वाईटपणा घ्यायचा नाही. बाहेर काय चाललंय ते बाहेर."

बाहेर! मी बाहेरच तर उभा होतो. तिच्या उंबऱ्याला लागून.

मग एके दिवशी माझं झाकण गेलं. फुलासकट. विनिताने नेलं. तिचं काकूंच्या ओळीने पळवलं होतं आणि माझं तिच्या पिंपाला नेमकं बसत होतं. नेताना जावेला म्हणाली, "हिचं घेतलं तरी ही काय बोलणारे?"

खरंच बोलली नाही. रचनाने कपाटातली जुनी ओढणी काढली आणि माझ्या तोंडावर ताणून बांधली. डासांपुरतं झालं, म्हणाली.

ओढणी ओली होऊन पाण्याच्या वजनाने मधे खोल गेली. लहान मुलीला ती काय दिसली असेल? झोळी दिसली. क्षितिजाने बादली उपडी घातली, वर चढली, आणि तिची बाहुली त्या झोळीत निजवली. मग अंगाई म्हणत झोका द्यायला वाकली.

गाठ सुटली.

मी काठोकाठ भरलेला. मला हात नाहीत. ती माझ्या पोटात डोकं खाली, पाय वर. तिच्या बोटांनी आतून मला ओरबाडलं, ते ओरखडे अजून आहेत. मला उलटं व्हायचं होतं. मी इंचभर हललो नाही. ज्या जाड बुडाचं मला कौतुक होतं, त्याचा मी त्या दिवसापासून राग करतो.

आत स्वयंपाकघरात विनिता बसली होती, काकूंच्या कागाळ्या करत. आणि रचना चहा गाळत म्हणत होती, "तुझंच बरोबर आहे गं."

तेवढ्यात वसुंधरा काकू आल्या. त्या काही मदतीला आल्या नव्हत्या. विनिताचा पाइप माझ्या शेजारी पडलेला असायचा, तो उचलून फेकायला आल्या होत्या. त्यांना दोन पाय दिसले. पाइप टाकला आणि फ्रॉकला धरून पोर ओढून काढली. उलटी धरली. पाणी ओकली, मग रडली. ते रडणं ऐकून रचना धावत आली. तिच्या हातात गाळणं तसंच होतं, आणि काकूंच्या पायाशी विनिताचा पाइप.

माणिकपूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, ठीक आहे म्हणाले. मुलगी वाचली. पण रचना त्या रात्री ओट्यावर आली नाही आणि तिने चहाला कुणाला बोलावलं नाही.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तिने बटण दाबलंच नाही. गल्लीत रिकाम्या कळश्या वाजायला लागल्या.

"अगं रचना, झोपलीस का?"

ती दारात आली. "जागी आहे. सगळी झाकणं इथे आणून टाका. एक जरी कमी असलं तरी मोटर लागणार नाही."

"मोटर तुझ्या बापाची आहे का?" विनिता.

"बटण माझ्या घरात आहे. आणि माझं फूल तुझ्या पिंपावर आहे."

विनिता ते झाकण आणायला गेली. अर्ध्या तासात गल्लीत झाकणांचा ढीग लागला. काकूंच्या ओळीतून जास्त निघाली. रचनाने तिथेच सांगून टाकलं. झाकण नाही त्याला पाणी नाही. काकूंची ओळ महिनाभर शेवटी. आणि पहिला नंबर कायमचा तिचा.

"तुझा? कायमचा?" काकू पुढे आल्या. "तुझी पोर मी काढली, गं."

"काढलीत. जन्मभर विसरणार नाही. पण माझ्या दारात कशाला आला होतात, ते सांगू सगळ्यांना?"

काकूंनी कळशी उचलली आणि शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. तह झाला.

धनेशच्या मोबाइलवर लढाईच्या बातम्या लागतात. एखादा मोठा देश लांब उभा राहून दोघांनाही माल विकतो. स्वतःचं जहाज बुडालं की मग धावतो, आणि तहाच्या बैठकीत मधली खुर्ची त्याचीच. धनेश म्हणतो, जगाचं राजकारण कळत नाही. मला कळतं. मी रचनाच्याच दारात उभा आहे.

आता माझ्यावर झाकण आहे, झाकणावर वीट आहे. सगळ्यांत आधी मी भरतो. काकू रोज जाताना माझ्याकडे बघतात, ती नजर मला आवडत नाही. घावणे बंद झाले, चटणी बंद झाली. भांडण नाही, पण कुणी कुणाला हाकही मारत नाही. अशी शांतता किती दिवस टिकते ते महिना संपल्यावर बघू.

क्षितिजा माझ्याजवळ येत नाही. दुरून वळसा घालून जाते.

तुमच्या दारात पिंप असेल तर आत्ता उठा आणि झाकण बघून या. ओढणी बांधू नका. आणि एवढं शेजारणीला सांगा, तिला म्हणावं पुढच्या गल्लीत सांग: पहिलं झाकण जातं तेव्हाच ओरडायचं. ते दुसऱ्याच्या पिंपाचं असलं तरी.